माळ्यावरचा संगणक आणि गावातलं नवं नेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. वाड्यावाड्यांतून फायबरची केबल फिरायला लागल्यापासून दुकानात माळ्यावरून उतरवलेले संगणक यायला लागलेत. कुठल्या सोसायटीचा, कुठल्या वाचनालयाचा, कुणाच्या नोकरीला लागलेल्या मुलाचा. त्यात भर म्हणजे मुंबईच्या ग्रामविकास मंडळांनी ‘गावच्या शाळेस सप्रेम भेट’ म्हणून पाठवलेली खोकी. सगळ्यांचं मागणं एकच: ‘चालू होतोय ना? मग नेट जोडून द्या.’ मी नाही म्हणतो आणि वाईटपणा घेतो. का, ते इथे लिहितो.

परवा एका वाचनालयाचा संगणक, म्हणजे त्याचा सीपीयूचा डबा, आला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले तेव्हा तो उचलून कपाटावर ठेवला, तो तिथेच राहिला. झाकण काढलं तर आत मुंग्यांनी घर केलेलं, खाऱ्या हवेने स्क्रू गंजून बसलेले. रॅमच्या पट्टीची कड खोडरबरने घासली, वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला, तेव्हा कुठे पडदा उजळला. विंडोज ७. मदरबोर्डवरचा बटणसेल मेलेला, म्हणून तारीख जानेवारी २००९. पहिली गडबड इथेच होते. घड्याळ मागे असलं की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती साइट खरी असल्याचा दाखला, ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं आणि तो इशारा देतो. माणसं इशारा वाचत नाहीत, ‘तरीही पुढे जा’ दाबतात. एकदा ही सवय लागली की खरोखरच्या खोट्या साइटवरही बोट तिथेच जातं.

तारीख नीट लावली तरी जुन्या ब्राउझरमध्ये बऱ्याच साइट धड उघडत नाहीत. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. मग घरातलं कुणीतरी ‘नवीन क्रोम फ्री डाउनलोड’ असं शोधतं, वरचीच जाहिरात दाबतं आणि जे उतरतं ते क्रोम नसतं. माझ्याकडे येणारी बिघडलेली यंत्रं बहुतेक याच वाटेने बिघडलेली असतात.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा दुसरा ठरलेला प्रश्न. वाचनालयाचे सभासद आणि वर्गणी, एवढंच ना? पण समोर कोण आहे हे बघायला दुसऱ्या टोकाला माणूसच बसलेला नसतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा तो यंत्रावरून यंत्रावर आपणहून गेला, त्यासाठी कुणी काही दाबायची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक फट त्याने वापरली. ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो घातला नव्हता, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर ३०० डॉलरची मागणी आली. त्याच फटीचा फायदा घेत २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम थांबलं. उरण काही परदेशात नाही.

वाचनालयाच्या त्या डब्यात हा २०१७ चा अपडेटही नव्हता. तेव्हा नेट म्हणजे डोंगलचं, तेही खिडकीत धरलं तर लागणारं. त्यावर अपडेट कोण उतरवणार? विंडोज ७ चे मोफत अपडेट तर १४ जानेवारी २०२० ला थांबले. म्हणजे वादळात कपाटावर चढला तेव्हाच तो मुदतबाह्य होता आणि त्यानंतर सापडलेल्या फटींची त्याला खबरही नाही. आता जुने अपडेट तरी घालू म्हटलं, तर त्यासाठी त्यालाच नेटवर न्यायला सांगतात!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. केबल लावल्याबरोबर पाच मिनिटांत संगणक संपतो, असं छातीठोक सांगणारे अर्धंच सांगतात. घरात राउटर असेल तर बाहेरचा सरळ आत येऊन दार ठोठावू शकत नाही. पण त्याच वायफायवर दुसरं एखादं बिघडलेलं यंत्र असलं, तर मध्ये राउटर असून उपयोग नाही. आमच्याकडे तर एकाच राउटरवर वाचनालय, शेजारचं कार्यालय आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी पोरं, सगळेच. ‘मग अँटीव्हायरस टाक’ म्हणतात. मुळात विंडोजच उघडं असताना अँटीव्हायरस म्हणजे गडगा (कुंपणाची भिंत) ढासळलेला ठेवून बेड्याला (फाटकाला) कुलूप लावणं.

मी करतो ते असं. हार्डडिस्क काढतो, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) असलेल्या माझ्या यंत्राला केबलने जोडतो आणि कामाच्या फाइली तेवढ्या उचलतो: हिशेब, याद्या, फोटो, जुन्या फाँटातली निमंत्रणं. प्रोग्रॅम एकही उचलत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतील तर मालकाला ते दुसऱ्या यंत्रावरून बदलायला लावतो. बँकेचा पासवर्ड वर्षानुवर्षं तिथेच पडलेला असतो. मग डिस्क पुसून लिनक्स घालतो. त्यात मराठी आहे, लिहायला-वाचायला, मुलांना शिकायला ते पुरतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावरच चालल्यात. पण सोसायटीचं टॅली, म्हणजे हिशेबाचा प्रोग्रॅम, त्यावर सरळ चालत नाही, जुन्या फाँटचे प्रोग्रॅमही रुसतात. तिथे मी हट्ट धरत नाही. असा संगणक हिशेबाला आणि छपाईला खुशाल वापरा, फक्त नेटची केबल काढा, वायफायचा डोंगल माझ्याकडे ठेवून जा. आणि त्याला लावायचा पेनड्राइव्ह कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका.

आता मुंबईच्या मंडळांना विनंती. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांना मिळणारी जादा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या किंवा जुन्या प्रोसेसरच्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून हापिसं ती काढून टाकतायत आणि ती तुमच्यामार्फत कोकणात येतायत. यंत्रं चांगली आहेत, दिलदारीही खरी आहे. पण शाळेच्या बाईंनी त्यावर काय घालायचं, हे कुणी सांगत नाही. भेटीचा फोटो निघतो, हार पडतो, दुसऱ्या दिवशी केबल जोडली जाते. शिवाय डिस्क न पुसता पाठवलेल्या एका डब्यात मला कुणाच्या तरी हापिसातली पगारपत्रकं दिसली होती, तीही नावानिशी. ती मी पुसली, पण प्रत्येक गावात पुसणारा असेलच असं नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला खोकी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकण्याआधी डिस्क पुसून घ्या, मुंबईतच लिनक्स घालून घ्या. जमत नसेल तर डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: ‘विंडोज १०, अपडेट बंद, नेटला जोडू नये.’ आणि एक नवा बटणसेल सोबत द्या, इथे पावसाळ्यात तोही वेळेवर मिळत नाही.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला
ता. दापोली, जि. रत्नागिरी