शब्द एकटा नको, जोडीने शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की जळगाव-धुळ्याकडच्या क्लासेसमध्ये इंग्रजी शब्दांच्या याद्या फिरू लागतात. 'कीन' म्हणजे उत्सुक, 'पॅशनेट' म्हणजे झपाटलेला. अर्थ पाठ होतो. त्या शब्दापुढे काय येते ते यादीत नसते आणि मार्क तिथेच जातात.

मूळ आपल्या बोलण्यात आहे. 'मला क्रिकेट आवडते', अहिराणीत 'माले क्रिकेट आवडस'. आवडीची वस्तू कर्त्याच्या ऐटीत, माणूस 'ला-ले' लावून बाजूला. इंग्रजीत कर्ता माणूसच, आणि वस्तूला जोडणारे अव्यय शब्दागणिक वेगळे: इंटरेस्टेड इन, कीन ऑन, एक्सायटेड अबाउट. पॅशनेट असाल तर अबाउट, पॅशन असेल तर फॉर. इथे तर्क फारसा चालत नाही, जोडीच पाठ करावी लागते.

सर्वांत जास्त घोळ 'लुक फॉरवर्ड टू'चा. 'टू' दिसला की मूळ क्रियापद, या सवयीने मुले 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहितात. हवे 'टू मीटिंग यू'. 'कान्ट वेट टू'पुढे मात्र 'मीट'च बरोबर. ओळखायला सोपी युक्ती आहे: 'टू'पुढे नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द सारंगखेडा फेअर' बसते, म्हणजे क्रियापदाला आयएनजी लावा. 'कान्ट वेट टू द सारंगखेडा फेअर' बसत नाही, तिथे 'फॉर' लागतो. म्हणून 'कान्ट वेट टू'पुढे क्रियापद मूळ रूपातच. नोकरीच्या अर्जात 'कान्ट वेट' नको, ते मित्रासाठी. अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' शोभते.

दुसरी खोड 'व्हेरी'ची. 'व्हेरी एक्सायटेड' ठीक. पण 'थ्रिल्ड'मध्ये 'खूप' आधीच मुरलेले आहे, त्याला 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावा. आणि 'आय अ‍ॅम एक्सायटिंग' म्हणजे मी उत्सुक नव्हे, तर दुसऱ्यांना थरारून सोडणारा! मुलाखतीत हे भलतेच होते.

फळ्यावर रोज तीनच जोड्या लिहाव्यात. जिथे चालते तिथे एक वाक्य नाम घेऊन, एक क्रियापद घेऊन. विषय घरचेच: 'आय अ‍ॅम कीन ऑन भरीत', 'आय अ‍ॅम कीन टू लर्न द रेसिपी'. शनिवारी त्याच जोड्या अव्यय गाळून विचाराव्यात, अर्थ विचारूच नये. याद्या छापणाऱ्यांनीही शब्दाला चिकटून त्याचे अव्यय छापावे. त्याने कागद काही वाढत नाही.

आपले,
इंग्रजीचे दोन शिक्षक, अमळनेर