सवलत लावणं दोन क्लिकचं काम नाहीये हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती धंदा करणाऱ्या बायकांसाठी एक लेख आला होता, सणासुदीला आपल्या ऑनलाइन दुकानात डिस्काउंट लावा, दोन क्लिकचं काम आहे, विक्री वाढेल वगैरे. लेख चांगलाय, भाषा सोपी आहे, पण लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी ते ॲडमिन, म्हणजे दुकान चालवायची मागची पानं, उघडून सवलत लावली असेल असं काय मला वाटत नाही. राग आला म्हणून लिहीत नाहीये, पण तो लेख वाचून आमच्यासारखी एखादी उत्साहानं लॅपटॉप उघडून बसली तर तिचं काय होतं ते आमच्या घरात होऊन गेलंय, म्हणून म्हटलं कळवावं.

मी आणि माझी मोठी जाऊ मिळून हळद, कांदा लसूण मसाला आणि तासगावचे बेदाणे विकतो. आधी व्हॉट्सॲपवर चालायचं, मग पुतण्यानं वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्याला ऑनलाइन दुकान जोडणारा भाग) टाकून दुकान करून दिलं आणि तो नोकरीला गेला पुण्याला. म्हणजे आता दुकान सांभाळणारी ॲडमिन मी. बारावी कॉमर्स झालेली आहे, हिशोब येतो, इंग्रजी वाचता येतं, त्यामुळं मला वाटलं त्यात काय एवढं.

गेल्या दिवाळीत ठरवलं की ६०० रुपयांच्या वरच्या ऑर्डरला ५० रुपये कमी करायचे, कूपन द्यायचं. कूपनचं पान उघडलं, कोड टाकला, खाली डिस्काउंटचा प्रकार विचारतं त्यात तीन पर्याय येतात, एक टक्क्यांचा, दुसरा फिक्स्ड कार्ट डिस्काउंट आणि तिसरा फिक्स्ड प्रॉडक्ट डिस्काउंट. मला वाटलं आपण प्रॉडक्ट विकतो म्हणजे प्रॉडक्टच, लावला तिसरा. सोबत फ्री शिपिंगची टिक पण मारली, सण आहे म्हणून. आता ज्याला माहितीये तो हसेल, पण कार्ट म्हणजे अख्ख्या टोपलीवर एकदाच ५० रुपये आणि प्रॉडक्ट म्हणजे टोपलीतल्या प्रत्येक नगावर ५० रुपये. हा फरक त्या पानावर कुठंही मराठीत लिहिलेला नाही, इंग्रजीतही असा समजेल असा नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री ११ ला मोबाइलवर मेल आला, नवीन ऑर्डर, २४ पाकिटं कांदा लसूण मसाला, कुणाच्या तरी लग्नघरातून. मी खुशीत झोपले. सकाळी जाऊबाईंनी चहा पिता पिता आकडा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, कितीला दिलास गं मसाला?" पाव किलोचं पाकीट १४० ला आहे आमचं, २४ चे झाले ३३६०, त्यातनं २४ गुणिले ५० म्हणजे १२०० गेले, राहिले २१६०. पाकीट पडलं ९० ला. आम्हाला घरातनं निघतानाच ते १०५ ला पडतं, मिरची काय भावानं झालीय ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे पाकिटामागं १५ रुपये घालून दिला मसाला, आणि वर ६ किलोचं कुरिअर आमच्याच अंगावर. मागं जाऊन बघितलं तर अशा नऊ ऑर्डरी झाल्या होत्या, बाकीच्या लहान होत्या म्हणून लक्षात आलं नव्हतं. ऑर्डरी कॅन्सल करायच्या का यावर घरात अर्धा तास चर्चा झाली, सासूबाई मध्येच म्हणाल्या पैसे घेतलेत ना, मग द्या पाठवून, आणि उठून गेल्या. पाठवले.

पुतण्याला फोन केला तर तो म्हणतो, "काकू, टेस्ट नाही केलंत का?" टेस्ट कसली, कुणी सांगितलं होतं टेस्ट करायला. आता करते. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (जिथं आपलं लॉगिन धरलं जात नाही) उघडायची, गिऱ्हाईक असल्यासारखं स्वतःच्याच दुकानात जायचं, एकदा १ नग, एकदा २ नग, एकदा १० नग टोपलीत टाकायचे, कोड मारायचा आणि खालचा एकूण आकडा कागदावरच्या हिशोबाशी ताडून बघायचा, पैसे भरायची गरज नाही. पाच मिनिटं लागतात. तुमच्या लेखात हे एवढं वाक्य असतं तरी बास होतं.

दुसरी गंमत तारखांची. कूपन न देता सरळ किंमतच कमी करायची असेल तर वस्तूच्या पानावर रेग्युलर प्राइस आणि त्याच्या खाली सेल प्राइस असे दोन चौकोन असतात, सेल प्राइसच्या बाजूला शेड्यूल म्हणून असतं, तिथं पासून आणि पर्यंत अशा तारखा द्यायच्या. यातली पर्यंतची तारीख धरून सवलत चालते, म्हणजे २० टाकली तर २० च्या रात्री १२ पर्यंत. पण कूपनच्या पानावर जी एक्स्पायरी डेट असते ना, ती त्या तारखेच्या सुरुवातीलाच संपते, २० टाकली की १९ ची रात्र संपली की कूपन मेलं. एकाच दुकानात दोन पानांवर दोन नियम! आम्ही धनत्रयोदशीपर्यंत कूपन चालेल असं सगळ्या ग्रुपवर टाकलेलं आणि धनत्रयोदशीला सकाळपासून लोकांचे फोन, कोड चालेना म्हणून. बारीक अक्षरात तिथं लिहिलेलं असतं, मी नंतर वाचलं.

आणि टाइमझोन. रात्री १२ पासून सेल म्हणून स्टेटसला ठेवलं, काही हौशी मंडळी जागी राहिली, आणि सेल काय लागेना. पहाटे साडेपाचला लागला. का, तर साइटच्या सेटिंगमध्ये वेळ यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, राहिलेली, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं असते. पुतण्या म्हणाला ते बाय डिफॉल्ट असतं. सेटिंग्जमध्ये जनरल मध्ये जाऊन कोलकाता, म्हणजे आपली भारताची वेळ, निवडलं की झालं, पण ते सेलच्या आधी बघायला पाहिजे ना.

वजनांचं पण सांगते, कारण आमच्यासारख्या मसाले पापड लोणचीवाल्या सगळ्यांना हे लागू आहे. हळदीची आमची तीन पाकिटं, पाव किलो १०५, अर्धा किलो २०० आणि किलो ३८०. दुकानात ही एकच वस्तू आणि तिची तीन व्हेरिएशन अशी असतात आणि प्रत्येकाची सेल प्राइस वेगळी भरावी लागते, वर एकदा लिहिलं की खाली आपोआप उतरत नाही. मी पहिल्या ओळीला भरली, ८४, आणि सेव्ह करून उठले. बाकी दोन तशीच. मग काय, लोक काय वेडे आहेत का, पाव पाव किलोची चार पाकिटं ३३६ ला घ्यायला लागले, किलोला कुणी हात लावेना. आमचं पॅकिंग चौपट. व्हेरिएशन नसलेल्या साध्या वस्तूंना एकदम टक्क्यांनी कमी करायचं असेल तर वस्तूंच्या यादीतनं बल्क एडिटला (बऱ्याच वस्तू एकदम बदलायची सोय) जायचं, तिथं रेग्युलर किमतीपेक्षा इतकं कमी असा पर्याय मिळतो आणि त्यात टक्केपण चालतात. हे मला चौथ्या महिन्यात सापडलं.

दोन सवलती एकमेकांवर बसतात त्याचं तर वेगळंच. आधीच २० टक्के कमी केलेल्या २०० च्या हळदीवर कुणी १० टक्क्यांचं कूपन मारलं तर १६० वर १० टक्के म्हणजे १४४, एकूण २८ टक्के गेले. आणि दोन कूपनं एकदम मारली, एक २० चं एक १० चं, तर सेटिंग न बदलता दोन्ही मूळ किमतीवरच धरली जातात, सरळ ३० टक्के. हे नको असेल तर कूपनच्या पानावर निर्बंधांच्या भागात दोन टिका आहेत, एक म्हणजे हे कूपन एकटंच चालेल, आणि दुसरी म्हणजे सेलमधल्या वस्तूंवर चालणार नाही. दोन्ही रिकाम्या येतात. किती वेळा वापरता येईल तो चौकोन पण रिकामाच येतो आणि रिकामा म्हणजे कितीही वेळा. बँकेच्या फॉर्मवर रिकामी जागा ठेवली की क्लार्क परत पाठवतो, इथं रिकामी जागा म्हणजे खुशाल घ्या.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या त्या लेखात एक वाक्य होतं की आधी किंमत थोडी वाढवून ठेवा, मग सवलत दाखवा, गिऱ्हाईकाला बरं वाटतं. हे मात्र मला अजिबात पटलं नाही. रेग्युलर प्राइसच्या चौकोनात काय वाटेल तो आकडा टाकता येतो, ते सॉफ्टवेअर फक्त एवढंच बघतं की सेल प्राइस त्यापेक्षा कमी आहे ना, मी ९९९ टाकून खाली २०० टाकले तर ते निमूटपणे ९९९ वर काट मारून दाखवेल. त्या भावानं एक तरी पाकीट कधी विकलं होतं का हे त्याला कुठं माहीत असतं, ते आपल्यालाच माहीत असतं. पाकीटबंद मालाला एमआरपी छापावी लागते, २०१८ च्या जानेवारीपासून ऑनलाइन दुकानात सुद्धा ती दाखवावी लागते, त्यामुळं थोडा लगाम आहे, पण छापतानाच दुप्पट छापली तर कोण काय म्हणणार. माझी नणंद जर्मनीत असते, ती सांगते तिकडं सवलत दाखवायची तर आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत हीच जुनी किंमत म्हणून दाखवावी लागते, युरोपात २०२२ च्या मे महिन्यापासून तसा कायदाच लागू आहे. आपल्याकडं २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं आली, १३ प्रकार दिलेत, त्यात पहिलाच खोट्या घाईचा. ते उलटं पळणारं घड्याळ असतं ना, फक्त १० मिनिटं शिल्लक, आणि पान परत उघडलं की परत १० मिनिटं, ते त्यातच बसतं. असलं घड्याळ लावायचे प्लगइन (साइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) मिळतात आणि मलाही एकानं सुचवलं होतं.

शिवाय धंद्याच्या दृष्टीनं बघा. अर्धा किलो हळद २०० ला, ढोबळमानानं जीएसटी, दळण, पॅकिंग सगळं धरून आम्हाला १५० ला पडते, राहतात ५०. २० टक्के सूट दिली की ४० गेले, राहिले १०, आणि त्यातनं पेमेंट गेटवेवाला, म्हणजे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणारा, त्याचे दोनेक टक्के घेतो ते वेगळंच. म्हणजे आधी एक पाकीट विकून जे मिळत होतं तेवढ्यासाठी आता पाच पाकिटं विकायची, पाच पाकिटं भरायची, पाच लेबलं चिकटवायची. २० टक्के ऐकायला लहान वाटतं कारण ते गिऱ्हाईकाच्या २०० चे २० टक्के आहेत, आमच्या ५० चे ते ८० टक्के आहेत. मोठ्या कंपन्यांना हे परवडत असेल, त्यांचं गणित वेगळं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, लोक ते नाव बघून मागवतात, त्यांना दरवेळी काट मारलेला आकडा दाखवून आम्हीच आमच्या मालाची किंमत पाडायची का? आता आम्ही सवलत वर्षातनं दोनदा देतो, नवी हळद यायच्या आधी जुनी संपवायला आणि दिवाळीला, आणि तीही एक किलोच्या पाकिटावरच, कारण तिथं पॅकिंगचा आणि कुरिअरचा खर्च विभागला जातो. मागच्या वेळी विक्री काही फार वाढली नाही, पण तोटाही झाला नाही.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एखाद्या घरगुती दुकानवालीला बसवून, स्क्रीनचे फोटो काढून, कुठल्या चौकोनात काय भरायचं आणि रिकामा ठेवला तर काय होतं ते मराठीत छापा. आमच्या बचत गटात सहा जणींनी असली दुकानं काढलीत, त्यातल्या चौघींनी तरी तुमची ती पुरवणी कापून ठेवलीय. आणि किंमत वाढवून सवलत दाखवा हे वाक्य मागं घेता आलं तर बघा.

आपली नेहमीची वाचक,
विश्रामबाग, सांगली

ता. क. पत्र लिहून झाल्यावर सहज कूपनांची यादी उघडली तर गुढीपाडव्याचं कूपन अजून चालूच होतं, मुदतीचा चौकोन मीच रिकामा ठेवलेला. आत्ता बंद केलं.