साध्या अक्षरांबद्दल, रेडिंगहून

ती. बाबा व आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "साध्या सरळ अक्षरांत वर्षभर शिकण्यासारखं असतं तरी काय?" फोनवर सांगण्याइतकी ही गोष्ट छोटी नाही, म्हणून पत्र.

फॉन्ट, म्हणजे एका घडणीची सगळी अक्षरं, तयार करायला शिकण्यासाठी मी इथे इंग्लंडात आले. माझा पहिला फॉन्ट सॅन्स सेरिफ आहे, म्हणजे अक्षरांच्या टोकांना ते बारीक आडवे पाय नाहीत. सजावट नसल्यामुळे रेघ जरा कुठे अडखळली की लगेच दिसते. सुरुवात करायची लहान एन आणि लहान ओ या दोन अक्षरांपासून. एनमधून एच, एम, यू निघतात. ओच्या गोलाईवरून बी, डी, पी.

आता गंमत पाहा. ओ एनच्या उंचीइतकाच काढला तर तो बुटका दिसतो. म्हणून तो वरखाली रेषेच्या किंचित बाहेर जाऊ द्यायचा, म्हणजे अक्षराच्या चौकटीची उंची हजार भागांत (युनिटांत) मोजली तर दहा-बारा भाग. उभी आणि आडवी रेघ एकाच जाडीची ठेवली तर आडवी जाड भासते, म्हणून ती थोडी बारीक. मोठ्या एचची आडवी पट्टी बरोबर मध्यावर ठेवली की खाली घसरल्यासारखी वाटते. तिला जरा वर घ्यायचं. एनची कमान उभ्या रेघेतून निघते तिथे काळा डाग साचतो, म्हणून रेघ तिथे निमुळती करत न्यायची. मोजपट्टी लावली तर सगळीकडे फरक निघेल, पण वाचताना सगळं एकसारखं दिसतं. बाबा, मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलंय.

अक्षरांमधल्या जागेला तर अंतच नाही. दोन उभ्या रेघा शेजारी आल्या तर मोकळी जागा जास्त, दोन गोल आले तर कमी. पडद्यावर मोठं करून पाहिलं की छान वाटतं. कागदावर नऊ पॉइंटात छापलं की कुठला शब्द गिचमिड झालाय आणि कुठला विसविशीत, ते कळतं. मग परत बसायचं.

लंडनला गेले की मी भुयारी रेल्वेच्या पाट्यांपाशी रेंगाळते. ही अक्षरं एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ साली केली. ते मूळचे सुलेखनकार, रुंद टाकानं लिहिणारे. त्यांच्या लहान आयवरचा ठिपका गोल नाही, तिरका चौकोन आहे. बाबा, तुम्ही बोरूनं अनुस्वार देता तेव्हा तो अगदी असाच पडतो! इतक्या कोरड्या दिसणाऱ्या अक्षरांतही लिहिणाऱ्याचा हात शिल्लक आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं. इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांची अक्षरं जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची. त्यात लहान एलला खाली वळण दिलंय, म्हणजे धावत्या गाडीतून तो मोठ्या आयसारखा वाटू नये.

पुढे याच फॉन्टला जोडून देवनागरी करायची आहे. रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरांची जाडी तशीच उचलून चालणार नाही. क्ष, ज्ञ, द्ध यांच्या पोटात जागा आधीच कमी, त्यात वर शिरोरेषा. म्हणून बाबा, एक काम करा. एसटी स्टँडवर आणि बाजारात हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या असतील, त्यांचे फोटो पाठवा. अगदी समोरून काढा, तिरके नकोत. जोडाक्षरं जितकी जास्त तितकं उत्तम. आणि बोरूनं लिहिलेलं एक पान स्कॅन करून पाठवा, त्यात ल आणि श दोन्ही वळणांचे असू द्या.

आई, थंडी आता सोसवते. मेतकूट पुरवून पुरवून खातेय.

तुमची,
मनू