मेणवलीचा वाडा आणि आपली पाटी

चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.

घराच्या दाराची पाटी पोचली. पितळी अक्षरं सुरेख आहेत, बाबांनी तर दोनदा पुसून ठेवली. अजून भिंतीवर चढवलेली नाही, त्याचं कारण लिहिते.

दिवाळीत मित्रांना घेऊन वाईजवळ मेणवलीला गेलो, तेव्हा तुमचं सगळं लक्ष त्या घंटेकडे. घंटा आहेच तशी. 1707 सालची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची लूट. आणि वाजते कुठं, तर कृष्णाकाठी मेणेश्वराच्या आवारात! तिच्यापायी वाड्याचं काळ्या दगडाचं जोतं, सहा चौक, मागच्या दारातून घाटावर उतरणारी वाट, सगळं तुम्ही भराभर उरकलंत. मला सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

वाडा नाना फडणवीसांचा म्हणतात. बांधला त्यांनीच. पण माणूस कायम पुण्यात, कारभारात. 1800 मध्ये गेले तेही पुण्यातच. मागं राहिली जिऊबाई, त्यांची शेवटची बायको. वय जेमतेम नऊ. आपली सई आत्ता चौथीत आहे ना, तेवढी! दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या पैशावर. पोरीला लोहगडावर नेऊन ठेवावं लागलं, किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. पुढं पनवेल, आणि कधीतरी एकदाची मेणवली. मग हाच वाडा तिचं घर झाला. त्या घाटाच्या पायऱ्या नानांपेक्षा तिच्याच पायाखालून जास्त गेल्या असणार, असं मला दरवेळी वाटतं. नानांचे कागदही याच वाड्यात राहिले, मेणवली दप्तर म्हणतात ते. एवढं असून वाटेवरच्या कुणालाही विचार, वाडा कुणाचा? नानांचा.

आपलं घर काही वाडा नव्हे. कर्ज बाबांच्या पगारातून फिटलं, हेही खरं. पण स्लॅबवर आळी करून सकाळ-संध्याकाळ पाणी भरायला मी होते, तुला कडेवर घेऊन. गवंड्याशी भांडायलाही मीच.

पाटी परत पाठवत नाही, पैसे घातलेस. बाबांच्या नावाखाली चार बोटं जागा उरते, मी मोजली. मे महिन्यात येताना तिथं बसेल अशी दुसरी पट्टी करून आण. आडनाव नको, नुसतं ‘सुमन’ पुरे. अक्षर मात्र त्याच मापाचं.

तुझी,
आई