पक्षी हेच डायनासोर

संपादक महोदय,

‘डायनासोर नामशेष झाले’ असे सर्रास छापले जाते. ते अर्धेच खरे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले ते पक्षी सोडून बाकीचे. दोन पायांवर चालणाऱ्या डायनासोरांच्या थेरोपॉड गटातलीच एक शाखा म्हणजे पक्षी. खूण शागुतीच्या कोंबडीतही सापडते: मानेच्या बुडाशी दोन्ही जत्रुक (हासळीची) हाडे जुळून झालेले चिमट्यासारखे हाड टी-रेक्स या थेरोपॉड डायनासोरलाही होते. (तुकडे करताना ते बहुधा मोडते, आधी बोटांनी चाचपावे.) गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यातली मगरही नात्याने पालीपेक्षा चोडण बेटावरच्या बगळ्याला जवळची! टेरोसॉर (डायनासोरांच्या काळातले उडणारे सरीसृप) मात्र डायनासोर नव्हेत. त्यांचा पंख म्हणजे लांबलचक चौथ्या बोटावर ताणलेले कातडे. ‘उडता डायनासोर’ हे शीर्षक कावळ्याच्या छायाचित्राला द्यावे.

– एक वाचक, फोंडा