दोघांचं माप

तोक्यो,
४ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही परवा म्हणालात, "व्हिडिओ कॉलवर चेहरे दिसतात, पण मागे काही उरत नाही. एखादं पत्र टाक." म्हणून हा कागद. हाताने लिहायची सवय इतकी मोडली आहे की चौथ्या ओळीलाच बोटं दुखायला लागलीत, तेव्हा अक्षराला हसू नका. तसं कॉलवर आपण बोलतो तरी काय? आम्ही तुमच्या साडेतीन तास पुढे. तुमचा संध्याकाळचा चहा चाललेला असतो तेव्हा इथे चिऊची झोपायची वेळ झालेली असते. आई विचारते, "जेवलात का?" मी म्हणते, "हो." मग मी विचारते, "तुम्ही आज काय करणार?" आणि आई म्हणते, "बघू, सकाळचा भात आहे बराच." हा सकाळचा भात मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. खरं तर त्याच्याविषयीच लिहायचंय. पण सावकाश येते तिथे.

नव्या वर्षाची सुट्टी आज संपतेय. ३१ डिसेंबर म्हणजे या जपानी लोकांची दिवाळीच समजा. आठवडाभर आधीपासून झाडलोट, गावी जाणाऱ्या गाड्यांना तुडुंब गर्दी आणि रात्री टीव्हीसमोर अख्खं घर. एनएचकेवर 'कोहाकू' लागतं. गाण्यांचा सामना: बायकांचा लाल संघ, पुरुषांचा पांढरा. १९५१ साली रेडिओवर सुरू झालं होतं, यंदाचं ७६वं. आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांना आम्ही या वेळी आग्रहाने बोलावलं. नवे गायक सगळे चिऊला माहीत, जुने सगळे आजींना माहीत, आणि मला कुणीच धड माहीत नाही. त्यामुळे दोन्हीकडून माझी शिकवणी चालली होती. आजी रिकाम्या हाताने आल्या नाहीत. वर्ष संपताना इथे सोबा खातात, बकव्हीटच्या लांब शेवया. त्याच्या रश्शात एरवी मासा असतोच, पण आजींनी आमच्यासाठी मुद्दाम समुद्री शेवाळ आणि वाळवलेले मशरूम घालून तो केला होता. आई, तुला आवडला असता. नसता आवडला तरी तू "छान झालाय हो" म्हणाली असतीस आणि मला मराठीत विचारलं असतंस, "लिंबू आहे का गं?"

कार्यक्रम संपताना सगळे गायक मिळून एक निरोपाचं गाणं म्हणतात. चाल जुन्या स्कॉटिश गाण्याची आहे. हीच चाल इथे दुकानं बंद होताना वाजवतात, म्हणजे "आता निघा" असं तोंडाने सांगायला नको. चिऊ लहान असताना ही चाल कानावर पडली की माझा हात ओढत दाराकडे निघायची. त्यामुळे वर्षसुद्धा हे लोक शटर ओढून बंद करतात असं मला वाटत आलंय. आणि मग पावणेबाराला, इतक्या झगमगाटानंतर, पडद्यावर एकदम अंधारातलं देऊळ आणि घंटेचा एकच टोल. देवळांतून असे १०८ टोल देतात. बाबा, १०८! तुमच्या जपाच्या माळेइतके. चिऊचा बाबा मोजायला बसला आणि तिसाच्या आसपास घोरायला लागला.

गाण्यांवरून आठवलं. या घरात शिट्टी कुणी वाजवत नाही, सगळी यंत्रं गातात. भाताचा कुकर लावला की 'ट्विंकल ट्विंकल' वाजतं, भात झाला की दुसरी धून. अंघोळीचं पाणी तापलं की आधी पियानो आणि मग एक बाई अदबीने सांगते, पाणी तयार आहे. संध्याकाळी वस्तीतल्या भोंग्यावर मावळतीचं एक बालगीत लागतं आणि मैदानावरची पोरं घराकडे वळतात. भूकंपाची सूचना द्यायचे भोंगे चालू आहेत की नाही, तेही त्या निमित्ताने रोज तपासून होतं. ते कळल्यापासून ते गाणं मला पूर्वीइतकं गोड लागत नाही, पण सात वाजता दिवा लावून म्हटलेल्या 'शुभंकरोति'ची आठवण तरीही येतेच. गेल्या मे महिन्यात सांगलीला तुझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा चिऊ माझ्यामागे लपली होती, आणि तिसरीनंतर तुला विचारत होती, "आजी, गाणं कधी लागणार?" मी इथे आपला कुकर आणलाय खरा. पहिल्यांदा लावला तेव्हा दुसऱ्याच शिट्टीला याच आजी दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. ओळख तिथूनच झाली.

या आजींची आणि माझी मैत्री आहे ती एका टीव्ही कार्यक्रमामुळे. 'क्यो नो र्योरी', म्हणजे 'आजचा स्वयंपाक'. १९५७ पासून चालू आहे. सुरुवातीला मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर टकटक अशी धून वाजते, पाटावर सुरी चालल्यासारखी. इसाओ तोमिता या संगीतकाराची. सिंथेसायझरवरच्या संगीतासाठी तो पुढे जगभर गाजला, पण इथल्या बायकांच्या कानात बसली आहे ती ही टकटक. कार्यक्रमात कुणी ओरडत नाही, घड्याळ उलटं धावत नाही, कुणाचा केक पडला म्हणून तीन वेगवेगळ्या कोनांतून रडं दाखवत नाहीत. दादा बघतो तसल्या स्पर्धांमध्ये कांदा चिरतानासुद्धा बॉम्ब निकामी करत असल्यासारखं संगीत असतं. इथे एक बाई मुळा किसते, शेजारी उभा असलेला माणूस म्हणतो, "असं होय," आणि बस्स.

आई, मला तुझं 'आम्ही सारे खवय्ये' आठवतं. प्रशांत दामले कुणाच्या तरी ओट्याशी उभे राहून गप्पा मारायचे आणि तू वही-पेन घेऊन पुढे बसायचीस. पण तुला पूर्ण कृती कधी मिळाली? ऐन वेळी दूध उतू जायचं, नाहीतर बेल वाजायची. त्या वहीत सगळ्या अर्ध्याच कृती आहेत. "दोन वाट्या रवा, पाव वाटी दही, मग" आणि पुढे कोरं. तरी त्या अर्ध्या कृतींवरून तू पदार्थ करायचीस आणि ते चांगले व्हायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

तर त्या जपानी कार्यक्रमाची एक गोष्ट आजींनी मला सांगितली, आणि ती डोक्यातून जात नाहीये. सुरुवातीला त्यातल्या कृती पाच माणसांच्या असायच्या. १९६५ मध्ये त्या चार माणसांच्या झाल्या. आणि २००९ पासून दोन माणसांच्या. घरंच लहान झाली, म्हणून मापंही लहान केली.

पाच, चार, दोन. मी बसमध्ये बसून हे आकडे मनात घोळवत होते आणि माझा स्टॉप गेला. आपली आजी होती तेव्हा आपण पाच. ती गेली आणि चार. दादा पुण्याला गेला, मागोमाग मी निघाले, आणि दोन. सगळं तसंच. फक्त आई, तुझं पातेलं बदललं नाही. तेच ते, कडेला पोचा आलेलं. तू तांदूळ घेतेस तेव्हा हात आपोआप पाचव्या वाटीपर्यंत जातो आणि मग तू त्यातली एक परत डब्यात टाकतेस. मी पाहिलंय. उरतं ते सकाळचं रात्री आणि रात्रीचं सकाळी, फोडणी घालून. बाबा तक्रार करत नाहीत, कारण त्यांना फोडणीचा भात आवडतो. (बाबा, डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, हे लिहून ठेवते. तुम्ही म्हणालातच की लिहिलेलं उरतं.)

इथे बाजारात अर्धा मुळा मिळतो, पाव कोबी मिळतो. पहिल्या वर्षी मला त्याचं हसू यायचं. आता मीही पावच आणते. आजी एकट्या, त्यामुळे दोघांच्या कृतीचं निम्मं करायला हवं, पण त्या करत नाहीत. पूर्ण करतात, अर्धं झाकून ठेवतात आणि म्हणतात, "उद्या मी येणार आहे ना जेवायला." आम्ही तिघं असल्यामुळे मला सगळ्याचं दीडपट करावं लागतं. दीड अंडं कसं घ्यायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही.

माप हा यांचाही हळवा विषय आहे. सगळीकडे किलो-लिटर आले, पण तांदूळ अजून 'गो'नेच मोजतात, १८० मिलीचा कप, प्रत्येक कुकरबरोबर येतो. आपल्याकडचं पितळी मापटं कुठे आहे? आजी चिपटं-मापटं करत मोजायची ते? विकलं नसेल तर ठेव माझ्यासाठी. आणि तांदळाची एक गंमत. गेल्या वर्षी इथे तांदूळ इतका महागला की पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. मग सरकारने कोठारातला साठा काढला. त्यात २०२१च्या पिकाचा तांदूळही होता, साधारण निम्म्या भावाने. लोक रांगा लावून घेत होते आणि वर नाकं मुरडत होते, कारण यांना तांदूळ नवाच हवा. नव्या तांदळाचं केवढं कौतुक! आणि जुन्याला म्हणतात 'जुना-जुना-जुना तांदूळ', खरंच, तीनदा. मी मात्र खूश. जुना तांदूळ म्हणजे मोकळा भात! दोन पिशव्या आणल्या आणि मसालेभात केला. चिकट व्हायचा तो झालाच, कारण जातच तशी आहे. पण चिऊच्या बाबाने तीनदा घेतला.

बाबा, तुमच्यासाठी सिनेमाचं. एरवी इथल्या थिएटरात देवळासारखी शांतता. शेवटची नावं संपून दिवे लागेपर्यंत कुणी उठत नाही, पॉपकॉर्नही दबकत खातात. पण 'आरआरआर' इथे २०२२ च्या ऑक्टोबरात लागला आणि वर्ष उलटून गेलं तरी कुठे ना कुठे चालूच होता. त्याच्या 'मसाला' खेळाला आम्ही गेलो होतो. लोक खंजिऱ्या घेऊन आलेले, कागदाचे तुकडे उधळत होते, नायक आला की आरोळ्या! एवढे गप्प लोक हे सगळं कुठे साठवून ठेवतात कोण जाणे. तुमची दोन बोटांची शिट्टी हवी होती. आणि खेळ संपल्यावर? त्याच लोकांनी खाली वाकून आपापले कागद वेचले आणि पिशवीत भरून घरी नेले.

आई, आता तुझं. दोन वर्षांपूर्वी तू इथे आली होतीस तेव्हा दुपारी आपण एक मालिका बघायचो, आठवतं? सूट घातलेला उंच माणूस, कामानिमित्त गावोगाव फिरतो, मध्येच थबकतो, भूक लागल्याचं त्याला जाणवतं, आणि तो एकटाच कुठल्यातरी छोट्या हॉटेलात शिरून जेवतो. संपली गोष्ट. तुला भाषेचा एक शब्द कळत नव्हता आणि पहिल्या दिवशी तू म्हणालीस, "अगं, बिचाऱ्याला घरी कुणी नाही का?" मी सांगितलं, नावातच 'एकटा' आहे, 'एकाकी खवय्या' असंच काहीसं. तुला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र तू गप्प बसून बघत होतीस. तो हात जोडून 'इतादाकिमास' म्हणाला तेव्हा तू म्हणालीस, "हे आपल्या 'वदनी कवळ'सारखं." मग तो एकेका घासाकडे बघत, चवीचा विचार करत जेवत राहिला आणि तू हळूच म्हणालीस, "कुणी वाढायला नाही, तरी किती नीट जेवतो."

मी त्यावर काही बोलले नाही. तू त्या वेळी उभी होतीस. सोफा रिकामा होता, पण तू स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, हातात ताटली घेऊन, आमच्या दुपारच्या जेवणातलं उरलेलं खात होतीस. मी तुला बसून, गरम, पहिलं वाढलेलं जेवताना फारसं पाहिलेलंच नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तू वाढपिणीच्या बाजूलाच.

पार्सल केलंय, संक्रांतीपर्यंत पोचेल असं वाटत नाही. तीळ इथले आणि गुळाऐवजी ओकिनावाची काळी साखर. चव जरा काकवीसारखी येते. लाडू कडक झालेत, बाबांनी जपून खावेत. चिऊने स्वतः वळलेले तीन लाडू ओळखू येतील, त्यांना आकार नाही.

चिऊचे तुम्हा दोघांना गोड पापे.

तुमची,
ठमी

ता. क. आई, एक काम आहे. मला तुझी चिंचगुळाची आमटी लिहून पाठव. "अंदाजाने" चालणार नाही. डाळ किती वाट्या, चिंच केवढी, गूळ केवढा, सगळं माप हवं, आणि ते दोघांचं हवं. तुझ्याजवळ ते नाही हे मला माहीत आहे. करून बघ, दोघं बसून जेवा, कमी पडलं की उरलं ते बघ, आणि मग लिही. मी इथे त्याचं दीडपट करीन.