उजनीवरच्या काळ्या पट्ट्या

संपादक महोदय,

उपग्रह उडाला की आपल्या पहिल्या पानावर रॉकेटचा फोटो ठरलेला. ‘लँडसॅट ७’ जून २०२५ मध्ये बंद झाला, त्या आठवड्याचे अंक मी चाळले. एक ओळ नव्हती.

मी इंदापूरला भूगोल शिकवत असे. एप्रिल १९९९ मध्ये सोडलेला हा अमेरिकी उपग्रह. त्याचा आरसा मागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे हलत जमीन टिपायचा. तेवढ्यात उपग्रह पुढे सरकलेला असायचा. त्यामुळे तिरपी होणारी ओळ सरळ करणारं यंत्र ३१ मे २००३ रोजी बंद पडलं, ते कायमचं. प्रत्येक चित्रातला सुमारे २२ टक्के भाग गेला. मधला भाग शाबूत, पण कडेकडे जावं तशा काळ्या पट्ट्या रुंदावत जाणाऱ्या.

२००८ नंतर चित्रं फुकट मिळू लागली, तेव्हा एका विद्यार्थिनीला मी उजनीचं उन्हाळी पाणी मोजायला बसवलं. पट्ट्या नेमक्या पळसदेवच्या बाजूला! (पाणी ओसरलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं. ते चित्रात ओळखू येणार नव्हतंच; एक ठिपका म्हणजे ३० मीटर.) मग १६ दिवसांनंतरच्या फेरीतले तुकडे त्या पट्ट्यांत भरले. पण ऐन मे महिन्यात तेवढ्या दिवसांत पाणी बरंच मागं हटतं. काठ जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसायला लागला. पोरगी वैतागली, “मॅडम, यातला खरा काठ कोणता?” दोन्ही खरे होते. शेवटी तिने दोन तारखांचे दोन नकाशे काढले आणि पट्ट्या कोऱ्याच ठेवल्या. मला ते फार आवडलं.

तिकडे २००७ मध्ये आरशाचे धक्के झेलणारे टेकू झिजले, तेव्हा आरसा चालवायची पद्धत बदलून काम सुरू ठेवलं. २०१७ मध्ये कक्षा सावरणं थांबलं आणि सकाळी दहाच्या सुमारास येणारा उपग्रह हळूहळू लवकर येऊ लागला, सावल्या लांबल्या. बिघाडानंतर वीसहून जास्त वर्षं हे असं चाललं.

आपल्याकडे मात्र एखादं यंत्र बिघडलं की मथळ्यात थेट ‘निकामी’. पुढच्या वेळी कुठलं यंत्र बिघडलं, किती नुकसान झालं आणि बाकीची चालू आहेत का, एवढं तरी छापा. जागा नसेल तर रॉकेटचा फोटो थोडा लहान करा.

– एक निवृत्त भूगोल प्राध्यापिका, इंदापूर